भिंतीतून खोडलेला थर

मी, एडविन थ्रेलफॉल, वय एक्क्याऐंशी, निवृत्त वास्तुविशारद, राहणार ब्रिस्टल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. शरमेचा दबाव कायदा मोजत नसावा.

१. माझा आरेखनाचा फळा, पट्ट्या व पेनं तंत्रशाळेला द्यावीत. त्यांवर माझे नाव घालू नये.

२. आमचे सहकारी कार्यालय सात जणांचे होते. पगार सारखा, मताला वजन सारखे, नकाशावर कोणा एकाचे नाव नाही. या नियमाचा मला अभिमान होता. पुढे मी त्याचा आडोसा केला.

१९६७ साली आम्ही एका नगरपालिकेसाठी चौदा मजली इमारत बांधत होतो. खर्च वाढला, तेव्हा भिंतीतला थंडी अडवणारा थर मी बैठकीत न विचारता, एकट्याने नकाशातून खोडला. दुसऱ्याच हिवाळ्यात भिंती पाझरू लागल्या. नवव्या मजल्यावरच्या डोरीन कटलर यांनी मुलीचा पलंग सरकवून मागची काळी बुरशी मला दाखवली. चार वर्षांची ग्लेनिस खोकत होती.

मी म्हणालो, "खिडक्या उघड्या ठेवत जा, बाई. कपडे आत वाळवू नका."

"जानेवारीत? तुमच्या घरी ठेवता का हो उघड्या?"

त्यांनी केलेला चहा तसाच टाकून मी निघालो. माझे घर जाड विटांचे आहे, कोरडे.

चौकशीत मी सांगितले, "निर्णय सर्वांचा होता." त्या कामाची देखरेख आमच्यातल्या विनिफ्रेड पास्को हिच्याकडे होती, म्हणून ठपका तिच्यावर आला. नकाशावरच्या खाडाखोडीतले माझे अक्षर तिने ओळखले होते. ती माझ्याकडे बघत राहिली, मी कागद चाळत राहिलो. महिन्याभरात तिने काम सोडले. पुढे शाळेत चित्रकला शिकवली.

तो थर मी खोडला. हे कलम वृत्तपत्रात छापावे.

३. राहते घर मी विनिफ्रेडच्या नावे लिहिले होते. काल तिला बोलावून मसुदा दाखवला. तिने दुसरे कलम दोनदा वाचले.

"हे तीस वर्षांपूर्वी लिहायचं होतंस, एडविन."

"हो."

"घर ग्लेनिसला दे. अजून दम्याचा फवारा ओढल्याशिवाय जिना चढत नाही ती."

"आणि तुला?"

"मी साक्षीदार म्हणून सही करते. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही ना? मग तुला पुन्हा माझं नाव घालता येणार नाही."

म्हणून घर ग्लेनिस कटलर हिला. तिने आभार मानू नयेत.

ब्रिस्टल, ९ नोव्हेंबर १९९८

सही: एडविन थ्रेलफॉल

आम्हा दोघांसमोर सही झाली:
नॉर्मन इलिफ, शेजारी
विनिफ्रेड पास्को, वास्तुविशारद