फाटकासमोरची जागा

३ मार्च, सोमवार. रात्री ८

हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडून घेऊन परत आलो, तर आमच्या फाटकासमोर परकी गाडी. लाल. निर्लज्ज.

आमच्या गल्लीत एक साधा शिष्टाचार आहे. ज्याने त्याने आपापल्या फाटकासमोर लावावी. कुठे लिहिलेलं नाही, कारण सभ्य माणसांना लिहून द्यावं लागत नाही.

शांत राहायचं ठरवलं. हॉर्न वाजवला. आणखी शांत राहून पुन्हा वाजवला. तेव्हा समोरच्या घरातला दातांचा डॉक्टर (यापुढे दातकाढ्या) रबरी हातमोजे हातात घेऊन बाहेर आला. म्हणाला, माफ करा काका, पेशंटची गाडी आहे, दाढ फार दुखत होती त्यांची, पाच मिनिटांत हलवतो. दाढ दुखते म्हणून माणसाला फाटक दिसेनासं होतं? आणि काका कोणाचा? माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी लहान असेल.

पाच मिनिटांची पंचवीस झाली. तोवर गाडी गल्लीच्या टोकाला, कचरापेटीपाशी लावावी लागली. मला. कचरापेटीपाशी.

त्याने दोनदा माफी मागितली. गोड बोलणाऱ्या माणसाचा मला आधीच संशय येतो. बोट दिलं की हात धरणारी जात.

४ मार्च, मंगळवार

उपाय सापडला. इतका सोपा की आजवर कोणाला सुचला नाही याचं आश्चर्य वाटतं.

गाडी हलवायचीच नाही.

जागा रिकामी झाली तरच आयत्या बिळावर नागोबा येणार. बीळ रिकामं ठेवायचंच नाही. ऑफिसला बसने गेलो. एक बदलावी लागते, एवढंच. दीड तास उभा होतो, पण मान ताठ.

ही म्हणाली, अहो मग गाडी घेतली कशाला? हिला डावपेच कळत नाहीत. समजावत बसलो नाही.

८ मार्च, शनिवार

टेप घेऊन जागा मोजली. भूमापनाच्या ऑफिसात नकाशे काढण्यात माझी हयात गेली आहे, डोळ्यांना अंदाज आहेच, पण पुरावा हवा. फाटकाच्या खांबापासून झाडाच्या बुंध्यापर्यंत माझी गाडी नेमकी बसते. जणू रस्ता बांधतानाच कोणीतरी माझा विचार केला होता. दोन्ही टोकांना पांढऱ्या रंगाच्या रेघा ओढल्या.

शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, रस्ता सगळ्यांचा असतो ना हो? मी म्हटलं, बाई, या रस्त्याचा नकाशा मी स्वतः काढलेला आहे. त्या म्हणाल्या, मग तर तुम्हाला ठाऊकच असेल. आणि आत गेल्या. शाळेतही अशाच वागत असणार. निवृत्त केलं ते बरं झालं.

९ मार्च, रविवार

हल्ला!

सकाळी बघतो तर बॉनेटवर, टपावर, काचेवर पांढरे फराटे. वाळून कडक झालेले. गल्लीत पांढरा, वाळून कडक होणारा पदार्थ कोणाकडे असतो? कवळीचे साचे ज्याने काढतात ते प्लास्टर. आणखी काय सांगायचं. चोर स्वतःची सही करून गेला.

थोडा नमुना खरवडून औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवला. वेळ येईल तेव्हा सगळ्यांसमोर डबी उघडेन.

हिला दाखवलं. हिने गाडीकडे बघितलं, मग वर झाडाकडे बघितलं, आणि आत गेली. हादरली असावी.

१४ मार्च, शुक्रवार

लेकीचा फोन. बाळाला घेऊन येते आहे. १२ एप्रिल, सकाळी नऊची गाडी. जावयाला सुट्टी नाही, एकटीच येणार. बाळ तीन महिन्यांचं होईल तोवर. मी अजून नातीला फक्त फोनवर बघितलं आहे, त्यातही निम्मा वेळ छत दिसतं.

मग म्हणाली, बाबा, तुम्ही या वेळी स्टेशनवर याल ना?

या वेळी म्हणजे काय, ते मला कळलं. मागच्या वेळी ती निघाली तेव्हा मी सोडायला गेलो नव्हतो. कारणच तसं होतं. त्या दिवशी दातकाढ्याकडे फर्निचरचा ट्रक यायचा होता, जागा सोडली असती तर कपाटं माझ्या फाटकाला टेकवून ठेवली असती. ट्रक आलाच नाही तो भाग वेगळा. लेक सात महिन्यांचं पोट आणि दोन बॅगा घेऊन टॅक्सीने गेली. तिच्या मनात ते राहिलं आहे, असं ही म्हणते.

म्हणून शब्द दिला. मी येईन, आपल्या गाडीने येईन, तुला आणि बाळाला फाटकासमोर उतरवेन. दारात. एक पाऊल उन्हातून चालावं लागणार नाही. लेक म्हणाली, बघू. बघू काय? बाप आहे मी तुझा.

१९ मार्च, बुधवार

दातकाढ्या फाटकाशी येऊन उभा. काका, गाडी बरेच दिवस हलली नाही, बॅटरी उतरेल, उंदीर शिरतात आत, अधूनमधून एक चक्कर मारत जा. वर म्हणतो, माझ्याकडे केबल आहे, कधीही सांगा.

वा! मी चक्कर मारायला जायचं आणि याने जागा बळकावायची. इतका उघड सापळा. याला वाटलं मी काल जन्मलो.

मी हसून म्हटलं, डॉक्टर, आमची बॅटरी भरलेली आहे, तुम्ही लोकांचे दात सांभाळा. निघून गेला. दिवसभर मन प्रसन्न होतं.

२७ मार्च, गुरुवार

घरचा भेदी. ही दातकाढ्याच्या बायकोबरोबर, तिच्या गाडीतून, बाजारात जाऊन आली. मी बसमध्ये लोंबकळत असताना.

विचारलं तर म्हणाली, त्यांनी आपणहून विचारलं, पिशव्या जड होत्या, आपली गाडी तर शोभेची आहे. शेवटचं वाक्य अनावश्यक होतं. रात्री त्या बाजारातली भाजी जेवलो, पण चांगली झाली आहे असं म्हटलं नाही. कळू दे.

पांढरे फराटे रोज पडत आहेत. रोज धुतो. नेमका मी झोपलेला असताना हा माणूस येतो. पेशंटना भूल देऊन देऊन पावलांचा आवाज न करण्याची सवय झाली असेल.

५ एप्रिल, शनिवार

बाळासाठी गाडीत बसवायची खास सीट आणली. निळी, आत मऊ कापड, वर एक अस्वल. दुकानातली मुलगी म्हणाली, आजोबा हौशी दिसतात. मागच्या सीटवर स्वतः पट्टे आवळून बसवली. अस्वल सरळ केलं. जरा वेळ तिथेच बसून राहिलो.

मग पुढे बसून सराव केला. स्टेशनचा रस्ता मनातल्या मनात घेतला, वळणं, सिग्नल, सगळं. चालू केली नाही, पेट्रोल का जाळायचं? गाडीत उग्र वास येतो आहे आणि पायाशी स्पंजाचे बारीक तुकडे पडले आहेत. म्हणजे आता आत शिरण्यापर्यंत मजल गेली. कुलूप कसं उघडतो? त्याच्याकडे बारीक हत्यारं असतातच म्हणा.

११ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळ

तयारी पूर्ण. उद्या मी स्टेशनवर असताना जागा राखण्यासाठी: दोन खुर्च्या, तीन कुंड्या, एक पालथी बादली, त्यांना गुंडाळायला दोरी. खुर्चीवर तू बस, असं हिला सुचवलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की विषय सोडून दिला. बादली पुरेल.

शर्टाला इस्त्री केली. लेक फाटकासमोर उतरेल, समोर खिडकीत दातकाढ्या उभा असेल, आणि मी दार उघडून धरेन. या एका दृश्यासाठी सव्वा महिना बस सोसली.

१२ एप्रिल, शनिवार. सकाळी ७.४०

किल्ली फिरवली. टक.

पुन्हा फिरवली. टक. पाचव्यांदा टकसुद्धा नाही.

७.५५

कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. बॉनेट उघडून बराच वेळ बघत राहिला. मग मला बोलावलं. इंजिनाच्या बाजूला घरटं. सीटमधला स्पंज, कुरतडलेल्या वायरी, आणि मध्ये चार पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेली. मेकॅनिकने विचारलं, साहेब, वारलेल्या कोणाची गाडी आहे का? म्हटलं, माझी आहे. तो म्हणाला, सॉरी. ओढून न्यावी लागेल, आत्ताच क्रेन घेऊन येतो.

८.१०

मी टॅक्सीला फोन लावत होतो. मागे वळून बघतो तर हिने बाळाची सीट उपटून काढली आहे आणि ती छातीशी धरून रस्ता ओलांडते आहे. दातकाढ्या बनियनवरच बाहेर आला. सकाळचे पेशंट दुपारवर ढकलतो म्हणाला. निळी सीट त्याने त्याच्या गाडीत बसवली. अस्वलासकट.

ही म्हणाली, चला, बसा पुढे. दातकाढ्यानेही दार उघडून धरलं. पुढची सीट रिकामी होती, हे मी नाकारत नाही.

पण तेवढ्यात क्रेन आली. माझी गाडी उचलली जायची होती, आणि मागे उरणार होती रिकामी जागा. आज, या घटकेला, साऱ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत. कोणीतरी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी इकडचं बघतो. हिने गाडीत बसून दार ओढून घेतलं.

रात्री ९

जे झालं ते नीट लिहायला हवं. माझी बाजू कोणी ऐकून घेणार नाही, निदान इथे असावी.

गाडी गेल्यावर खुर्च्या, कुंड्या, बादली सगळं मांडलं, दोरी बांधली आणि एका खुर्चीवर स्वतः बसलो. ऊन चढलं होतं. दहाच्या सुमारास दातकाढ्याची गाडी गल्लीत शिरली. त्याच्या स्वतःच्या फाटकासमोर कोणा पेशंटची गाडी उभी होती. म्हणून तो हळूहळू आमच्याकडे वळला. काचेतून मला ही दिसली, लेक दिसली, तिच्याजवळ निळं काहीतरी दिसलं. त्याने माझ्याकडे बघितलं.

आणि माझा हात वर गेला. पंजा उघडा. इथे नाही.

मी मुद्दाम केलं नाही. हात आपोआप गेला. सव्वा महिन्याची सवय होती.

गाडी क्षणभर थांबली. मग पुढे गेली, पार टोकाला, कचरापेटीपाशी. तिथून ते चालत आले. लेक पुढे, बाळ कापडात गुंडाळलेलं, त्याच्या डोक्यावर तिने आपला हात धरलेला. मागे ही. सगळ्यात मागे दातकाढ्या, दोन्ही हातांत बॅगा, बगलेत बाळाचं सामान.

लेक माझ्यासमोर उभी राहिली. आत जायची वाट खुर्च्यांमधून होती. मी दोरी सोडायला लागलो, गाठ पक्की बसली होती, सुटेना. ती उन्हात उभी. शेवटी दातकाढ्याने बॅगा खाली ठेवून गाठ सोडवली. त्याची बोटं बारीक कामाची आहेत.

जाताना लेक म्हणाली, बाबा, जागा छान सांभाळलीत. अजिबात रागावून नाही. बाळ झोपलेलं होतं. बरं झालं, नातीने काही बघितलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी उठून बघतो तर ही सगळं आत घेऊन गेलेली. फक्त एक खुर्ची बाहेर. जागा सताड उघडी. आता बघा, म्हटलं, कशी तुटून पडतात गिधाडं. खिडकीत बसलो.

दोन गाड्या आल्या. हळू झाल्या, ड्रायव्हरनी मान वाकडी करून वर बघितलं आणि पुढे गेल्या. दुपारी पाहुण्यांची एक गाडी आली, कचरापेटीपाशी लागली, पण इथे नाही. चारच्या सुमारास मला राहवेना. बाहेर गेलो. मुख्याध्यापिका बाई कुंपणापाशी होत्या. विचारलं, आज गल्लीत काय झालंय काय?

त्या म्हणाल्या, तिथे कोण लावणार हो? गेल्या महिन्यात त्या झाडावर बगळे वस्तीला आले, तेव्हापासून कोणी तिथे गाडी उभी करत नाही, रंग खाते ती घाण. आम्ही सगळे म्हणायचो, माणूस तुसडा आहे पण मनाचा मोठा. सगळ्यात वाईट जागा स्वतःकडे ठेवून घेतली.

वर बघितलं. पांढरे. बरेच होते.

औषधाची डबी कचऱ्यात टाकली.

१४ एप्रिल, सोमवार

ऑफिसला सुट्टी. बाळाला आज इंजेक्शन द्यायचं आहे. दातकाढ्या नेतो म्हणाला. पुढे त्याची बायको बसणार, मुलांचे डॉक्टर तिच्या ओळखीचे आहेत. मागे निळी सीट, लेक आणि ही.

मी इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात उभा राहिलो. लेक बाळाला घेऊन निघाली तेव्हा विचारलं, मी येऊ का?

तिने गाडीत डोकावून बघितलं. खरंच बघितलं, उगाच नाही. मग म्हणाली, जागा नाही हो बाबा.

दातकाढ्याची गाडी आमच्या फाटकासमोर आली, दारात, अगदी माझ्या दोन रेघांच्या मध्ये. बाळाला एक पाऊलही ऊन लागलं नाही. बाळ जागं होतं. माझ्याकडे बघत होतं, की झाडाकडे, ते सांगता येत नाही.

ते गेल्यावर मेकॅनिकचा फोन आला. गाडी परवा तयार होईल, आणून कुठे लावू? म्हटलं, कुठेही लाव.

मग बाहेर राहिलेली खुर्ची पुसून आत आणली.