झाकण उघडे असताना

प्रिय ठमे,

तू दादाला पाठवलेला मजकूर त्याने मला फोनवर वाचून दाखवला. मी त्याला तो दोनदा वाचायला लावला. ‘बाबांनी अख्ख्या मुक्कामात माझ्याशी अबोला धरला. त्यांना माझी अडचण होते. एक तारखेपासून मी परत ऑफिसात रुजू होणार, तसं कळवून टाकते.’ वाक्यरचना निर्दोष आहे, याचे समाधान वाटले. आशय मात्र चुकीचा आहे, आणि तो तसाच कायम होऊ नये म्हणून लिहायला बसलो आहे. अबोला धरायचा तर आधी राग यावा लागतो. मला राग आला नव्हता. मला काय झाले होते हे मात्र नेमक्या शब्दांत सांगता येत नाही, आणि माझ्यासारख्या जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रिते तपासलेल्या माणसावर ही वेळ यावी, हे मला विलक्षण वाटते.

तुझी आई गेल्यानंतर घर फार नीटनेटके राहू लागले होते. त्यात तू फोन केलास की कंपनीने आता कुठूनही काम करायची मुभा दिली आहे, महिनाभर माझ्याकडे राहून पाहतेस, जमले तर कायमची येतेस. मी ‘ये’ एवढेच म्हणालो, पण त्याच दिवशी पडदे धुवायला टाकले. तू आलीस ती खांद्याला एक पातळशी पिशवी लावून. मी विचारले, बाकीचे सामान मागून येते आहे का? तू ती पिशवी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, ‘हेच माझं ऑफिस, बाबा. उचलून तर बघा.’ मी उचलले. माझ्या जुन्या शब्दकोशाचा एक खंडही त्याहून जड भरेल. त्या क्षणापासून जो गोंधळ सुरू झाला, तो आजतागायत निस्तरलेला नाही.

माझ्या काळी माणूस कामावर जायचा तेव्हा घरातून जायचा. तू कामावर जायचीस आणि जेवणाच्या टेबलाशीच असायचीस. सकाळी ते यंत्र टेबलावर, दुपारी ऊन आले की माझ्या खोलीतल्या खिडकीशी, मग ओट्यावर कपबश्यांच्या शेजारी, आणि संध्याकाळी बाल्कनीत. एका हाताने ताट उचलावे तसे तू ते उचलून फिरायचीस आणि तुझ्यामागे ऑफिसही फिरायचे. पहिल्याच सकाळी तू विचारलेस, ‘माझा आवाज येतोय का?’ मी स्वयंपाकघरातून खणखणीत ‘येतोय गं!’ म्हणून सांगितले. त्यावर तुझ्या यंत्रातून सातआठ माणसे हसली आणि तू मला हाताने ‘थांबा’ अशी खूण केलीस. दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखा दारात गप्प उभा राहिलो, तर तू माझ्याच दिशेने पाहत म्हणालीस, ‘तुम्ही म्यूटवर आहात.’ मी मनात म्हटले, आहे खरा. तुझ्या कानातली ती बोंडे केसांआड असतात, हे मला पुष्कळ नंतर कळले.

आता मुख्य मुद्दा. तुला आपल्या घरातला टोपणाचा नियम आठवतच असेल, कारण तो सर्वांत कडकपणे तूच पाळायचीस. माझ्या पेनाचे टोपण निघालेले असले की बाबांशी बोलायचे नाही. टोपण लागले की घर माझे आणि मी घराचा. आई चहा घेऊन यायची ती आधी पेनाकडे बघायची आणि मग माझ्याकडे. तू तर पाहुण्यांना दारातच अडवायचीस, ‘थांबा हं, बाबांचं टोपण निघालंय!’ एकदा तुझ्या आत्याला तू चपला काढू दिल्या नव्हत्यास. ती अजून त्यावरून मला टोमणे मारते. तेव्हा तू यंत्राचे झाकण उघडून बसलेली दिसलीस की मी काय करणे अपेक्षित होते? झाकण उघडे होते. मी मागे फिरलो. दुपारी डोकावलो, उघडे. दिवेलागणीला डोकावलो, उघडे. खोकला आला तर जिन्यात जाऊन खोकून यायचो. मनात आले, पोरीला किती राबवून घेतात हे लोक!

हे सगळे मी दादाला सांगितले तेव्हा तो आधी हसला. म्हणाला, ‘अहो बाबा, तिचं काम सहालाच संपायचं. ती तुमची वाट बघत बसायची.’ मी विचारले, ‘मग झाकण का उघडं?’ तर म्हणाला, ‘झाकणाचा काय संबंध? शेजारी खुर्ची मांडून ठेवायची ना ती! आईचे फोटो पडद्यावर लावून बसायची, तुम्ही येऊन बसाल म्हणून.’ ठमे, ती खुर्ची मी पाहिली होती. मला वाटले तुझे पाय अवघडतात म्हणून ठेवली असशील. एके दिवशी ती मोकळी दिसली, तर मी तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले.

तेव्हापासून मी विचार करतो आहे आणि उलगडा होत नाही. नियम मी केला होता, तू मोठी झालीस तीही त्याच नियमात. मग मी तो पाळला यात चूक कोणाची? तू हाक का मारली नाहीस? की हाक मारायची नसते, हे तुला मीच इतके पक्के शिकवले होते? शुद्धिपत्र लिहायचे तर कोणत्या ओळीखाली लिहावे, हेच मला कळत नाही.

तू एक तारखेला ऑफिसला काय कळवावेस हा सर्वस्वी तुझा प्रश्न आहे. त्यात मी पडणार नाही. परंतु माझ्या अडचणीचे कारण देऊन जाणार असशील, तर ते कारण खोटे आहे हे तुला आधी ठाऊक असावे. घरात तुझी अडचण नव्हती. तू चार हातांवर असून तुझ्याशी बोलता येत नाही, ही अडचण होती. म्हणून हे पत्र केवळ एक गोष्ट विचारण्यासाठी लिहिले: तुझे काम संपले, हे मी कशावरून ओळखावे? जी खूण असेल ती कळव. मी या वयातही नवे नियम शिकू शकतो.

तुझाच,
बाबा

ता. क. दादाला सांगताना तू ज्या तारखा दिल्यास, त्या दुरुस्त करतो आहे.

तीन तारीख : मी तुला घ्यायला स्टेशनवर आलो नाही, असे नाही. आलो होतो. मोठ्या सामानाची माणसे ज्या दाराने बाहेर पडतात, त्या दाराशी उभा होतो; आपली गाठ पडली ती घराच्या दारात.

नऊ तारीख : ताटावरून उठून गेलो ते रुसून गेलो नाही. पडद्यावर तुझे साहेब दिसत होते आणि मी बनियनवर होतो.

सतरा तारीख : आईचा वाढदिवस मी विसरलो, हे साफ चूक. सकाळीच फुले आणली होती. तुझे झाकण मिटेपर्यंत टिकावीत म्हणून मागच्या बाल्कनीत बादलीत ठेवली. रात्रीपर्यंत चार वेळा पाहून गेलो.

सव्वीस तारीख : तू निघालीस तेव्हा मी झोपलो नव्हतो. दाराआड उभा होतो. तू जिना उतरताना फोनवर बोलत होतीस.

पुढील महिन्याची एक तारीख : अजून यायची आहे. तिच्यात दुरुस्ती करायला मला जागा नाही.