रंगावर कसलेला बोल्ट

अप्पा,

घडलं ते असं.

१. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शाळेची जीप रंगवून आपल्या गॅरेजात आली. खालची चेसिससुद्धा काळी कुळकुळीत केलेली.
२. इंजिन चेसिसला जोडणारी अर्थची पट्टी कुजली होती. मी नवी बसवली. बोल्ट रंगावरच कसला.
३. सोमवारी सकाळी चिंताकीच्या रस्त्यावर ॲक्सिलेटर अडकला. आत सात शिक्षिका होत्या. ड्रायव्हर अण्णांनी चावी बंद केली, जीप तुरीच्या शेतात शिरून थांबली. एकीचं मनगट मोडलं.
४. अण्णांना डुलकी लागली होती, असं शाळेचं म्हणणं आहे.

मध्ये रंग राहून पट्टी लोखंडाला नीट टेकली नाही, तर सेल्फचा करंट ॲक्सिलेटरच्या तारेतून परत जातो. तार तापते, तिच्यावरचं प्लास्टिक वितळतं, एक दिवस ती अडकते. हे मी डिप्लोमाच्या पेपरात लिहिलंय. त्याच्या कितीतरी आधी, ठाणाकुशनूरच्या एका टेंपोवर, तुम्ही ते हातानं शिकवलं होतं. कानशीनं लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलंत, मालकाला सेल्फ मारायला लावलंत आणि मला म्हणालात, "लांबून कामून बघायलीस? तारेला हात लाव." मी घाबरत हात लावते. तार थंड आहे. तुम्ही मालकाकडे वळता. "पोरगी थंड हाय म्हणायलीय. न्या गाडी." तेव्हा मी बारा वर्षांची होते. तुम्ही गेलात त्यालाही आता बारा वर्षं झाली.

या वेळी मी मीटर लावला. काटा जवळजवळ शून्यावर आला, म्हणजे जोड पक्का. मीटरचा करंट नखाएवढा असतो, सेल्फचा नाही, हे माहीत असून मी काट्यावर विसंबले. तारेला हात लावला नाही.

काल अण्णा आले होते. "मी पाय काढला होता गं अक्का. का खरंच झोपलो होतो? तू शिकलेली हाईस, तूच सांग." मी म्हणाले, "बघते." जीप ओढून गॅरेजात आणल्यावर मी काढून घेतलेली जळलेली तार तेव्हा माझ्या खणात होती. त्यांच्यासमोर तो खण मी गुडघ्यानं दाबून धरला होता. रस्त्यावर एखादं इंजिन जोरात ओरडलं की हातातला पाना खाली ठेवावा लागतो. गेले तीन दिवस मी एकाही गाडीचा सेल्फ मारलेला नाही.

शुक्रवारी शाळेत बैठक आहे. अण्णांचं ड्रायव्हरचं काम त्या दिवशी सुटेल, किंवा तार टेबलावर ठेवून मी बोलेन. मग तुमच्या नावाच्या पाटीखाली कोण गाडी आणेल, ही भीती आहेच. पण तीही मोठी नाही. पट्टी बसवताना मी कानस उचलली होती, तेव्हा अण्णाच म्हणाले होते, "रंगाला ओरखडा नको गं, उद्या पूजा हाय." मी कानस खाली ठेवली. बैठकीत पहिलं वाक्य माझ्या तोंडून हेच निघेल, याची मला भीती वाटते.

हे पत्र तारेसोबत खणात ठेवते. गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्या.