कडेचा खांब

प्रिय ठमे,

मावशीकडे तुझं बरं चाललंय, असं तिने फोनवर सांगितलं. तू फोनवर आली नाहीस, त्याचा राग नाही. इकडची बातमी म्हणजे दवाखान्याच्या साइटशेजारच्या शिवणकामवाल्या बाईंची भिंत पुन्हा उभी राहिली. काल बघून आलो. गिलावा अजून ओला आहे, पण बाईंचं मशीन जागेवर आलंय. मला म्हणाल्या, "साहेब, तुमचे जावई रोज येऊन उभे राहायचे, स्वतःच्या घराचं काम असल्यासारखे." मी मान डोलावली आणि चपला सरकवून निघालो. त्यांनी चहाचं आधण ठेवलं होतं. मला तिथे बसवेना.

शाळेत असताना तू मला विचारलं होतंस, बाबा, तुम्ही दिवसभर जमिनीखालचं काय काढत बसता? मी आत्याला बाकाच्या अगदी टोकाला बसवलं. बाक उलटू लागला आणि आत्याने माझ्या सात पिढ्या काढल्या. मग दुसरीकडे तुझ्या आईला बसवलं, बाक शांत झाला. कडेच्या खांबाचं असंच असतं, असं मी सांगितलं. त्याला कुंपणाबाहेर पाय पसरता येत नाहीत, म्हणून आतल्या खांबाला सोबत घेऊन दोघांना एकाच पायावर उभं करायचं, आणि दोघांच्या भाराचा मध्य पायाच्या मध्यावर आणायचा. तू इंजिनियर झालीस ती त्या बाकामुळे, असं मी लोकांना सांगत आलो. एवढी साधी गोष्ट आहे ती, ठमे. म्हणून तर पुढचं लिहिताना हात अडतोय.

दवाखान्याच्या इमारतीचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल जावईबापूंनी केलं होतं. कुंपणालगतचा खांब आणि त्याच्या आतला खांब, दोन्ही निवडून खाली एकच लांबट पाया दिला होता. काम चोख होतं. सही माझी, म्हणून फाइल तपासायला माझ्याकडे आली. तुम्ही दोघं साइटवर गेला होतात. मी स्क्रीनकडे बघत बसलो आणि तो लांबट पाया तिथे कशासाठी आहे, हेच मला सुचेना. कुठलं बटण दाबायचं ते विसरलो असतो तर हसण्यावारी नेलं असतं. मी त्या पायामागचं कारण विसरलो होतो. उलट मला रागच आला, की आळसापोटी दोन खांब एकात उरकलेत. मी ती जोडी मोडली आणि प्रत्येकाला स्वतंत्र चौकोनी पाया दिला. दोन पाये एकमेकांवर चढतायत म्हणून सॉफ्टवेअरने लाल करून दाखवलं. मी कडेचा पाया बाहेर सरकवत गेलो, लाल रंग जाईपर्यंत. कुंपणाची रेघ मॉडेलमध्ये नव्हतीच. रंग गेला, मला वाटलं जमलं, आणि मी सही ठोकली.

पुढचं तू पाहिलंसच. नकाशाबरहुकूम खड्डा बाईंच्या भिंतीखाली गेला आणि भिंत आत बसली. बाई कपडे पोचवायला गेल्या होत्या, हे आपलं नशीब. त्या दुपारी ऑफिसात सगळ्यांसमोर तू नवऱ्याला विचारलंस, हे वेगवेगळे पाये कुठून आणलेस? त्याने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्याच्या त्या नजरेने मला सगळं लख्ख आठवलं, तो लाल रंग, त्याचं जाणं, सगळं. तो म्हणाला, "माझ्याकडून झालं." आणि मी काय केलं? मी म्हणालो, "जरा लक्ष देत जा." गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. बाबांच्या सहीला बट्टा लावलास, असं तू त्याला म्हणालीस, तेव्हाही मी चष्मा पुसत राहिलो. तू बॅग भरून गेलीस ती त्या बट्ट्यापायी.

तू गेल्यावर काही दिवस मी त्याची नजर चुकवत होतो. शेवटी त्याच्यासमोर जाऊन बसलो आणि म्हणालो, तुम्हाला माहीत होतं. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. मी तपासलेली प्रत्येक फाइल तो माझ्यामागे पुन्हा तपासतो. नेमकी ही एक हातातून निसटली, आणि तीच आपली चूक असं तो खरंच मानतो. संध्याकाळी माझ्याबरोबर चालत घरी येतो, तो पोट कमी करायला नव्हे. एकदा मी आपल्या जुन्या घराच्या दारात किल्ली लावत उभा होतो म्हणे. तिथल्या लोकांनी त्याला फोन केला. मला यातलं काही आठवत नाही. मी विचारलं, ठमीला का नाही सांगितलंत? तर म्हणतो, "बाबा, तिला कळलं तर ती रडत बसेल. माझ्यावर चिडली तर निदान दोन घास खाईल तरी." या माणसाला मी तुझ्या लग्नाच्या वेळी 'जरा मऊच आहे' म्हणालो होतो.

माझी सही मी बंद केली आहे, तसं ऑफिसात कळवलंय. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय. तो येणारच आहे, तूही आलीस तर मला धीर येईल. पण आधी त्याच्याशी बोल, माझ्याशी नंतर. हे फोनवर सांगता आलं असतं, पण मी मुद्दाम लिहून ठेवतोय. डॉक्टर काय सांगतील याचा मला अंदाज आहे. उद्या कधीतरी मी हे सगळं विसरेन. भिंत जावयाने पाडली, असं चारचौघांत ठासून सांगेन, आणि माझा आवाज तुला नेहमीसारखाच खात्रीचा वाटेल. त्या दिवशी माझं ऐकू नकोस. त्याची बाजू घे, आणि हे पत्र माझ्या हातात दे. मी कांगावा करेन, पण अक्षर माझंच आहे हे मला नाकारता येणार नाही.

तुझाच,
बाबा