करकोच्यांची तारीख

११ मे

आली! माझी नंदिनी आली — हापिसच्या गाडीतून, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी! पुण्याच्या कंपनीत लागून तीनच महिने झाले. आपल्याकडचं विमानतळ वाढवायचंय, धावपट्टी लांबवायचीय, थेट आपल्या तलावावरून. त्याच्या आधी झाडं, पाखरं, पाणी मोजून सरकारला अहवाल द्यावा लागतो म्हणे. तो अहवाल माझी नात लिहिणार! तिचा बाप, माझा सुनील, दहावीला दोनदा बसला. पोरीनं सगळी कसर काढली.

शेजारची भागूबाई कुंपणावरून म्हणते, "पाखरं मोजायचा पगार देत्यात व्हय? मग माझ्या कोंबड्या बी मोज म्हणावं!" जळते मेली. आमरस मात्र दोन वाट्या ओरपला.

१३ मे

नंदिनी तीन दिवस तलावावरच. तलाव कसला, ठणठणीत कोरडा, तळाला भेगा. दोन टिटव्या अन् एक बगळा — झाली मोजणी. मी म्हटलं, "बाई, थंडीत ये की! करकोचे येत्यात तवा." तर म्हणते, "आजी, साहेबांनी मे महिनाच दिलाय."

साहेबाला काय, त्याला थोडाच हरभरा पेरायचाय! आमचे हे सांगायचे — करकोचे तलावावर उतरले की हरभरा पेरायला घ्यायचा. हे गेले अन् तारीख ध्यानात ठेवायचं काम माझ्याकडं आलं. चौथी शिकलेली मी. पण खताचा दुकानदार दर वर्षी डायरी देतो, त्यात लिहिते. कधी आले, किती आले. पंधरा वर्षांत एकदाही चुकले नाही. पहिल्या वर्षी नंदिनी सात वर्षांची. बांधावर माझ्या मांडीत बसून मोजायची. शंभराच्या पुढं येत नव्हतं, मग पुन्हा एकपासून!

१४ मे

गेली. घर खायला उठतंय.

२१ ऑगस्ट

अहवाल ग्रामपंचायतीत आलाय. सुनीलनं मराठीतला घरी आणला. शेवटच्या पानावर आमच्या नंदिनीचं अख्खं नाव छापलंय — राजनंदिनी! आमच्या घरातलं नाव कधी छापून आलं नव्हतं, लग्नपत्रिका सोडली तर. देव्हाऱ्यात ठेवला, हळदकुंकू वाहिलं, साखर ठेवली. मग चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचायला घेतला.

उलटं करायला पाहिजे होतं.

"तलावावर पाणपक्ष्यांचा वावर आढळला नाही. तलाव बुजवण्यास अडचण नाही." अन् त्याच्या खाली तिचं नाव. माझ्या कुंकवाचं बोट नेमकं तिथंच.

२५ ऑगस्ट

सुनीलला म्हटलं, "हे खोटं हाय रं."

"खोटं न्हाई आई, मे महिन्यातलं हाय. अन् तू गप ऱ्हा. पुढच्या महिन्यात गावापुढं सरकारी सुनावणी हाय, तिथं तुझ्या करकोच्यांच्या वह्या काढल्यास तर पोरीची नोकरी जाईल."

त्याचंही खरंच. पण तलाव? एकदा मुरूम टाकून बुजवला की पाखरं उतरणार कुठं? विमानाच्या पाठीवर?

वह्या पेटीतून काढल्या अन् ज्वारीच्या कोठीत तळाशी खुपसल्या. नंदिनी लहान असताना तिच्यापासून लाडू लपवायचे ते तिथंच. लपायचे कुठं! दोन दिवसांत फस्त.

९ सप्टेंबर

उद्या सुनावणी. भागूबाईनं तीनदा येऊन विचारलं, "बोलणार का न्हाई?" तिसऱ्या वेळी दारच लावून घेतलं.

१० सप्टेंबर

काय करून बसले मी!

शाळेपुढं मांडव, मोठे साहेब, कॅमेरा. नंदिनी कंपनीच्या टेबलाशी बसलेली. कोणी बाजूनं बोललं, कोणी विरोधात. एकानं विचारलं, "पाखरं किती महिने मोजली?" कंपनीचे साहेब बोलले, "नियमाप्रमाणे एक हंगाम." तेवढ्यात भागूबाई उठली! "कशाला हंगाम अन् बिंगाम? आमच्या मालनबाईच्या वह्यांत समद्या तारखा हायत, इचारा तिला!"

सगळ्या माना माझ्याकडं. कॅमेरासुद्धा.

सरकारी साहेब गोड बोलले हो. "आजी, आहेत का वह्या? लेखी पुरावा असेल तर दोन दिवसांत आणून द्या, आम्ही जोडून घेऊ."

मी नंदिनीकडं बघितलं. तिच्या गळ्यात कंपनीचं कार्ड. अन् म्हटलं, "न्हाई साहेब. वह्या-बिह्या काय न्हाईत."

भागूबाई खालीच बसली. नंदिनी मात्र माझ्याकडं बघतच राहिली. माझ्या मांडीत बसून करकोचे मोजणारं पोरगं ते, त्याला काय मी फसवणार! मग तिनं मान खाली घातली.

मुक्कामाला घरी आली. भाकरी नुसती चावत बसलो दोघी.

११ सप्टेंबर

मी उठून गोठ्यात गेले तेवढ्यात नंदिनी निघून गेली. चहासुद्धा न घेता. भागूबाई बोलत नाही. बरोबरच आहे तिचं.

१३ सप्टेंबर

दळणाला ज्वारी काढायला कोठी उघडली. वह्या नाहीत. एकही नाही. दुपारी टपालानं पाकीट आलं, आत घडी घातलेला कागद — सरकारी पोच, खाली गोल शिक्का. "वह्या १५ मिळाल्या. हरकतदार : राजनंदिनी." पाठीमागं तिच्या अक्षरात : "आजी, नोकरी सोडली. थंडीत येते, शंभराच्या पुढं येतं आता."

कागद देव्हाऱ्यात ठेवला. हळदकुंकू वाहिलं — वाचून झाल्यावर.