उन्हाकडे तोंड करून ठेवलेला कॅमेरा

आये,

मी बोलते आहे आणि नात लिहिते आहे, तेव्हा अक्षर चांगलं दिसलं तर ते माझं समजू नकोस. ही पोर न्हावा शेवाला बंदरात नोकरी करते, रविवारीच येते. मुलगा-सून शहरात, मधले सहा दिवस घरात मी आणि मांजर, आणि मांजरसुद्धा मासळी असली तरच. म्हणून तिने आपला जुना कॅमेरा मला दिला. म्हणाली, "आजी, तुझा दिवस काढून ठेव, रविवारी दोघी बघू." मग शिकवणी झाली. लाल ठिपका पेटला की रेकॉर्डिंग चालू. झूम केलं की लांबची होडी जवळ येते आणि आपल्याला उठावं लागत नाही; माझ्या गुडघ्यांना हे फार पटलं. फोकस म्हणजे एकच काय ते ठळक दिसतं, बाकी सगळं धुरकट. मी म्हटलं, "सून आल्या दिवसापासून मला हे येतंय." पॉज दाबलं की जो जिथे आहे तिथे थांबतो. आणि मेमरी भरली की कॅमेरा तसं सांगतो, मग जुनं काय पुसायचं ते आपण ठरवायचं. माझी मेली सांगत पण नाही, परस्पर पुसते.

तुझा एकही फोटो नाही, आये. जत्रेत फोटोवाला आला होता तेव्हा तू तोंडावर पदर घेतलास. मला आठवतो तो तुझा धपाटा. मी आठ वर्षांची आहे, सोलून वाळत घातलेल्या कोळंबीचं, सोड्यांचं सूप भिंतीच्या सावलीत ठेवून खेळायला पळाले आहे, संध्याकाळी सोड्यांना वास सुटलाय. तू पाठीत धपाटा घालून म्हणतेस, "वाळवणाचं तोंड उन्हाकडं! किती येला सांगू?" तेव्हापासून सूप, टोपली, गोधडी, सगळं मी कलतं करून उन्हाकडे तोंड करूनच ठेवत आले.

परवा ऊन उतरताना सोडे गोळा करायला गेले, तेव्हा कॅमेराही तसाच ठेवला. उलट्या टोपलीवर, कलता, तोंड समुद्रावरच्या उन्हाकडे. मधे मी.

आज नातीने बघितलं. "अगं आजी, सूर्याकडं तोंड करून ठेवतात व्हय? मागून उजेड आला की चेहरा काळा येतो. डिलीट करते."

"माझ्या आयेने असंच शिकवलंय," म्हटलं, आणि पडद्याकडे बघितलं. तिचा हात धरला. "थांब. पॉज कर."

मागे समुद्र लखलखतोय आणि पुढे एक काळी बाई, सुपावर वाकलेली, पदर खोचलेला, डावा हात कमरेवर. नाक नाही, डोळे नाहीत. तू होतीस.

एक कबूल करते. तुझा चेहरा मला कधीचाच आठवत नाही. ही पोर लहानपणी विचारायची, तेव्हा मी माझंच नाक तुला लावून वेळ मारून न्यायची. आता लिहिताना थांबली आहे बघ. लिही गं, लिही.

पत्र कुठे टाकू, विचारते. मी म्हटलं, कॅमेऱ्याच्या पिशवीत. डिलीट काही करू दिलं नाही. पॉज करून कॅमेरा समोर ठेवणार आहे आणि रोज संध्याकाळचा चहा तुझ्यासोबत घेणार आहे. नातीला सांगणार होते, बटणांचा सराव करते म्हणून. पण तीच लिहिते आहे, तेव्हा तेही गेलं.