अब्दा मावशी

आई, आज शुक्रवार. इथल्या आखाती मुहर्रक शहरातल्या आपल्या जुन्या गल्लीतून आत्ताच घरी आले आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं. समोरच्या घरातल्या मावशीची आठवण काढल्याशिवाय तुझा चहा संपायचा नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

तिची आई आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून लहानपणी पळवून आणलेली, मोत्यांच्या व्यापाऱ्याला विकलेली गुलाम. सुटका झाली तेव्हा हातात कागद मिळाला, पण तो वाचता येईना. बाई जिद्दीला पेटली. आधी स्वतः अक्षरं शिकली, मग सुटून आलेल्या इतर बायकांना घेऊन पुढच्या खोलीत शिकवायला बसली. पुढे मालकांच्या नातीही तिथेच शिकल्या, हे मावशी काय ऐटीत सांगायची! तू नर्स होतीस त्या वॉर्डातल्या कितीतरी नर्सेस त्याच खोलीत अलिफ-बा गिरवून आलेल्या. तू म्हणायचीस, या सुटलेल्या माणसांनी अर्धं गाव उभं केलंय आणि गावाला त्याचा पत्ताच नाही.

आणि मी काय केलं? कोपऱ्यावरची टवाळ पोरं तिच्या पाठीमागे 'अब्दा' म्हणायची, म्हणजे गुलाम बाई. तोच शब्द उचलून मी भर गल्लीत ओरडले, "अब्दा मावशी!" तू लाटणं हातात घेऊनच बाहेर आलीस. "काय बोलतेस, कळतं का तुला? माफी माग आधी!" मी रडत म्हटलं, "मला वाटलं तिचं नाव आहे." ती दारात उभी आहे, माझ्याकडे बघतेय. तू घाईघाईने सांगतेस, "बच्ची है, उसको नाम लगा." ती विचारते, "मावशी क्या?" "माँ की बहन." "तो पहला खलास. दूसरा रखो." आणि ती हसते. तेव्हापासून ती अख्ख्या गल्लीची मावशी झाली, आणि हा किस्सा तू पाहुण्यांना इतका रंगवून सांगायचीस की मीही हसायचे.

आता ती खोली तिची नात चालवते. घरकामाला आलेल्या बायका दर शुक्रवारी तिथे आपापल्या नोकरीचा करार वाचायला शिकतात. इंग्रजी मी शिकवते, फार बरं वाटतं. आज नात सगळ्यांसमोर म्हणाली, "यल्ला, वो मावशी वाली बात सुनाओ!" समोर केनियाची एक मुलगी वही उघडून बसली होती. तिच्याकडे पाहिलं आणि तो किस्सा मला नेहमीसारखा सांगता येईना. मग खरं ते सांगून टाकलं. मला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. तिच्या कबुतरांना दगड मारले म्हणून आदल्या दिवशी ती मला रागावली होती, त्याचा मी सूड घेतला होता.

नातीला काहीच नवल वाटलं नाही. "दादी को मालूम था," ती म्हणाली. "हमको बोलती थीं, उसकी माँ को कभी मत बताना."

म्हणजे तुझ्यासोबत रोज चहा पीत ती शेवटपर्यंत गप्प राहिली. हे सगळं तुझ्या फोटोसमोर मोठ्याने वाचायचं ठरवून लिहायला बसले होते. पण नाही वाचवत गं. मला खरंच ते नाव वाटलं होतं, असं मानणारी तू एकटीच होतीस.